बटणामागचं गाव

फोनवर चालणारं ॲप सहसा फोनवर बनत नाही. मोबाईल ॲप बनवायला शिकायचं ठरवलं की पहिला धक्का बसतो तो हाच. त्यासाठी संगणक लागतो, आणि आज विशीत असलेल्या कितीतरी मुलामुलींसाठी संगणक हेच अनोळखी यंत्र आहे. फोन आधी हातात आला. संगणक नंतर, तोही कॉलेजच्या लॅबमध्ये, दोघा-तिघांत एक. आमच्या खापरखेड्यात एखाद्या पोट्ट्याला विचारा, "फोनमधलं काय काय येते बे तुले?" तो म्हणेल, "सबन येते." आणि ते खोटं नसतं. व्हिडिओ कापणं, पैसे पाठवणं, रेल्वेचं तिकीट काढणं, सगळं तो डोळे मिटून करतो. मग हाच मुलगा लॅपटॉपसमोर बसतो आणि आत्ताच डाउनलोड केलेली फाइल नेमकी कुठे गेली, इथेच अडकतो.

इतकी वर्षं इतक्या सफाईनं वापरलेली वस्तू त्याला कळली होती, असं म्हणायचं का?

फोन सोपा वाटतो, कारण कशाचा विचार आपण करायचा नाही, हे आपल्या वतीनं आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहे, ॲप बंद केल्यावर मागे काय चालू राहतं, कुठली माहिती कुठे जाते, हे प्रश्न पडूच नयेत अशी ती रचना असते. अनोळखी यंत्रावर गेलं की हे झाकण निघतं. विंडोजमध्ये फाइलच्या पत्त्यातली तिरकी रेष एका बाजूला झुकते, लिनक्स आणि मॅकमध्ये दुसऱ्या. यामागे गहन कारण नाही. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत सरळ तिरकी रेष आज्ञांचे पर्याय देण्यासाठी वापरून झाली होती. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा उलटी रेष घ्यावी लागली. चाळीस वर्षांपूर्वीची ती अडचण आजही विंडोजवर दिसते. फाइलच्या नावात मोठं अक्षर आहे की लहान, याची विंडोज सहसा पर्वा करत नाही, लिनक्स करतं. आणि अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. म्हणजे ज्याला आपण अनोळखी म्हणत होतो, ते रोज आपल्याच खिशात होतं.

दुसऱ्या यंत्रावर जाण्याचा खरा लाभ मला इथे दिसतो. 'हे असंच असतं' असं ज्याला आपण म्हणत होतो, ते 'हे कुणीतरी असं ठरवलं' असं निघतं. कुणीतरी ठरवलं असेल, तर का ठरवलं, हे विचारता येतं.

खापरखेड्याच्या माणसाला हे समजायला फार जड जाऊ नये. इथलं औष्णिक वीज केंद्र १३४० मेगावॉटचं आहे: २१० मेगावॉटचे चार संच आणि ५०० चा एक. दूर कुठल्या शहरात कुणी बटण दाबतं आणि दिवा लागतो. त्याच्यासाठी वीज तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. आपल्याकडे ती कोळशापासून सुरू होते आणि राखेपाशी संपते. आपल्या देशी कोळशात राखेचा वाटा बऱ्याचदा एक-तृतीयांशाच्या वर असतो. ती राख कुठेतरी टाकावी लागते. वारेगावच्या राखेच्या तलावाजवळ राहणाऱ्याला बटणामागे काय असतं, हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. ते त्याच्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसतं.

पण म्हणून प्रत्येकानं सगळं जाणलंच पाहिजे का? मला तसं वाटत नाही. पंखा लावण्याआधी बॉयलरचा अभ्यास करावा लागला, तर नागपूरच्या मे महिन्यात आपण मेलोच. आपण शिंप्यावर, डॉक्टरवर, एसटीच्या ड्रायव्हरवर विश्वास टाकून जगतो. वापरणाऱ्यानं न जाणणं हा गुन्हा नाही. मात्र वापरणारा निश्चिंत राहू शकतो, कारण जाणण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणीतरी घेतलेली असते. ॲप बनवायला शिकणारा माणूस नेमका त्या दुसऱ्याच्या जागेवर जात असतो.

ही जागा सगळ्यांना सारखी मिळत नाही. गुगल प्लेवर ॲप टाकण्यासाठी खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात. ॲपलच्या दुकानात वर्षाला ९९ डॉलर, आणि आयफोनचं ॲप तयार करायला मॅक संगणकही हवा. खाणीत किंवा केंद्रात कंत्राटी काम करणाऱ्याच्या घरात हा हिशोब सहज बसत नाही. त्यामुळे जो पलीकडे पोचतो, तो अलीकडच्यांचं थोडं देणं घेऊनच पोचतो, असं मी मानतो.

ते देणं किती ठोस असतं पाहा. अँड्रॉइडच्या प्रत्येक ॲपमध्ये मॅनिफेस्ट नावाची एक फाइल असते. वापरणाऱ्याच्या फोनमधले सगळे संपर्क वाचायचे असतील, तर त्या फाइलमध्ये एक ओळ लिहून परवानगी मागावी लागते. एकच ओळ. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून अशी परवानगी ॲप चालू असताना विचारली जाते. समोर चौकट येते, माणूस घाईत 'अलाऊ' दाबतो. झटपट कर्ज देणाऱ्या कित्येक ॲपनी हेच केलं. हप्ता चुकला की वसुलीवाले कर्जदाराच्या मामाला, शिक्षकाला, साहेबाला फोन करून त्याची अब्रू काढू लागले. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कर्जाच्या ॲपना संपर्कयादीला हात लावू नका, असं बजावलं. पुढच्या वर्षी गुगलनंही तसा नियम केला.

नियम आले, ते बरंच झालं. पण त्या आधी कुणीतरी संगणकासमोर बसून ती ओळ टाईप केली होती. संमती एका माणसाची घेतली, यादीतल्या बाकीच्यांना कुणी विचारलंच नाही. आपला नंबर कुठे गेला, हे मामाला माहीतही नव्हतं. ओळ लिहिणारा फारसा दुष्ट असण्याची गरज नाही. त्याला यंत्राची पुरेशी सवय झालेली असली, तरी पुरे. जुन्या प्रकल्पातून फाइल उचलायची, नव्यात चिकटवायची, चाललं की पुढे. आमच्या धंद्यात असं रोज होतं.

नवशिका असं करू शकत नाही. त्याला प्रत्येक ओळ खटकते. ही कशाला? ही काढली तर काय होईल? त्याच्या या अडखळण्याला आपण कमीपणा समजतो, तोही समजतो, आणि लवकरात लवकर हात बसावा म्हणून धडपडतो. हात बसायलाच हवा, त्याशिवाय काम होत नाही. पण हात बसला की प्रश्न विचारणं बहुधा सुटतं.

म्हणून नव्या यंत्रावर चाचपडणाऱ्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे: पहिल्या महिन्यात पडलेले प्रश्न एका वहीत लिहून ठेवा, कितीही बावळट वाटले तरी. उत्तरं मिळत जातील. वर्षभरानं तुमचं पहिलं ॲप दुसऱ्याच्या फोनमध्ये जायला निघेल, तेव्हा ती वही काढा आणि 'ही परवानगी कशाला?' हा प्रश्न आपल्याच फाइलला विचारा. ज्या ओळीला सरळ उत्तर देता येणार नाही, ती काढून टाका. ॲप बहुतेक त्या ओळीवाचूनही चालेल.