फुकट आणि विनामूल्य

‘फुकट’ हा शब्द आपल्याकडे सरळ तोंडानें क्वचितच उच्चारला जातो. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाहीं, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों. त्यामुळें ज्या गोष्टीस दाम पडत नाहीं ती माणसांस एकत्र आणते, असें कोणीं म्हटलें कीं आम्हांस प्रथम शंकाच येते.

लंडनमधील बुशी पार्क या विस्तीर्ण उद्यानांत २ ऑक्टोबर २००४ रोजीं १३ माणसें धावलीं. बेत पॉल सिंटन-ह्यूइट या गृहस्थांचा. दुखापतीमुळें त्यांना स्वतःला त्या वेळीं धावतां येत नव्हतें. परंतु धावणाऱ्या मित्रांची संगत सुटूं नये, एवढाच त्यांचा हेतु. कोणापासून पैसा घेतला नाहीं. पुढें हाच उपक्रम ‘पार्करन’ या नांवानें अनेक देशांत पसरला. ५ किलोमीटर धावावें किंवा चालावें, प्रवेशशुल्क नाहीं, हा नियम मात्र बदलला नाहीं.

पैसा न घेतल्यानें काय साधतें? आमच्या मतें मुख्य गोष्ट ही कीं, तेथें कोणी गिऱ्हाईक उरत नाहीं. ज्यानें पैसे मोजले तो व्यवस्थेचे दोष काढूं लागतो, आणि तो त्याचा हक्कच आहे. येथें घड्याळ धरणारा, वाट दाखविणारा, शेवटच्या रेषेपाशीं क्रमांक देणारा, सारे स्वयंसेवकच. गेल्या शनिवारीं धावलेला मनुष्य या शनिवारीं वळणावर उभा असतो. तक्रार करावी ती कोणाजवळ? त्यांतहि एका स्वयंसेवकाचें काम आम्हांस विशेष वाटतें. तो सर्वांच्या मागून चालतो. कां, तर दमलेल्या किंवा वृद्ध माणसावर शेवटचा येण्याची पाळी येऊं नये. शर्यत म्हटली कीं शेवटचा कोणीतरी असावाच लागतो. तें स्थान पत्करणारा मनुष्य पगार देऊनहि मिळेल. पण मग त्याच्या चालण्यांत तो अर्थ राहील काय?

परंतु विनामूल्य म्हणजे खर्चाविना नव्हे. ब्रिस्टलजवळील स्टोक गिफर्ड येथील पॅरिश कौन्सिलनें (आपल्या ग्रामपंचायतीसारखीच ही संस्था) २०१६ सालीं लिटल स्टोक उद्यानांतील पार्करनकडे वाटेच्या देखभालीसाठीं पैसे मागितले. चालकांनीं तत्त्व म्हणून नकार दिला, आणि तेथील धावणें बंद पडलें. कौन्सिलवर टीकेचा भडिमार झाला. आम्हांस ती इतकी दुष्ट वाटत नाहीं. एवढ्या पावलांनीं वाट झिजते; ती दुरुस्त करण्याचा भार न धावणाऱ्या करदात्यानें कां सोसावा, हा प्रश्न हिशेबी असला तरी अन्यायाचा नाहीं. उलट, एके ठिकाणीं पैसा दिला कीं दुसरीकडे तो मागितला जाणार, हें चालकांचें भयहि खरेंच.

आमचा कौल अखेर चालकांकडे झुकतो, पण निःशंकपणें नाहीं. उद्यान सर्वांचें, असें ज्या करदात्याच्या पैशावर म्हणतां येतें, तो शनिवारीं घरींच बसलेला असतो. त्याचे आभार मानण्यास कोणी जात नाहीं. त्याच्या ऋणाची फेड पैशानें करावयाची नसेल तर ती श्रमानें व्हावी. जो सकाळीं ५ किलोमीटर धावूं शकतो, त्याला वर्षांतून एखादा तास फावडें धरणें जड जाऊं नये.