जाब कोणाला विचारावा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचा मिक्सर जळाला. घटना क्षुल्लक आहे, आणि तिच्यावर निबंध लिहावा एवढी तिची योग्यता नाही, हे मी आरंभीच मान्य करतो. इडलीचे पीठ वाटता वाटता मोटारीतून जळका वास आला, थोडा धूर निघाला आणि पाते थांबले. यंत्र घेऊन वर्षही झाले नव्हते. ते दुकानातून आणलेले नव्हते; मोबाइलवर चित्र पाहून मागविले होते. तेव्हा तक्रारही मोबाइलवरच करणे भाग होते. पलीकडून एक स्त्रीस्वर ऐकू आला. स्वर मधुर होता, उच्चार स्वच्छ होते, आणि बंगळुरात बसून आपल्या भाषेत कोणी बोलले की जे बरे वाटते तेही क्षणभर वाटले. ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही क्षमस्व आहोत’, हे वाक्य त्या स्वराने चार वेळा उच्चारले. (‘क्षमस्व’ म्हणजे ‘क्षमा कर’. ‘आम्ही क्षमा कर आहोत’ या वाक्याचा अर्थ काय, हे व्याकरणकारांनीच सांगावे.) चौथ्या वेळी माझ्या ध्यानात आले, की पलीकडे कोणी स्त्री नाही, पुरुषही नाही, बोलत आहे ते यंत्र.

तिसऱ्या दिवशी नवा कोरा मिक्सर दारात आला. पैसे पडले नाहीत, खेटे घालावे लागले नाहीत. जुन्याचे काय करावे, असे विचारता ‘टाकून दिलात तरी चालेल’ असे उत्तर मिळाले. म्हणजे तक्रारीला जागाच उरली नाही. तरीही माझा चेहरा काही उजळला नसावा, कारण सौभाग्यवती म्हणाल्या, “नवा मिळाला ना? मग आता आणखी काय हवं आहे तुम्हांला?”

मला काय हवे होते, हे त्या वेळी मला सांगता आले नाही. पुढील विवेचन म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

मला हवे होते ते एवढेच, की मोटार का जळाली हे कोणीतरी सांगावे. तार हलकी होती काय? माझ्याच घरी तांदूळ अधिक घातले गेले काय? हीच चूक आणखी शंभर घरांत धुमसत आहे काय? नवे यंत्र पाठवून कंपनीने माझे नुकसान भरून दिले. पण माझ्या प्रश्नाला उत्तर दिले नाही. आपल्या भाषेने या दोन गोष्टी निराळ्या ठेवल्या आहेत. ‘भरपाई’ हा एक शब्द आणि ‘जबाबदारी’ हा दुसरा. जबाबदारी हा शब्द आपण फारसीच्या वाटेने घेतला आणि त्याच्या पोटात ‘जबाब’ आहे. संस्कृताच्या आधाराने घडविलेल्या ‘उत्तरदायित्वा’तही उत्तरच आहे. जो विचारल्यावर उत्तर देतो तो जबाबदार. जो पैसे देऊन प्रश्न मिटवितो तो उदार असेल, व्यवहारचतुर असेल. पण जबाबदार म्हणता येईल काय?

आणि क्षमा मागणे ही तर त्याहून अवघड गोष्ट. ज्याला लाज वाटू शकते तोच क्षमा मागू शकतो. ज्याला क्षमा न मागण्याचा हट्ट धरता आला असता, त्याच्याच क्षमायाचनेला मोल असते. यंत्राला यांपैकी काहीही शक्य नाही. त्याच्या तोंडी क्षमेचे शब्द घालणारा माणूस मात्र कोठेतरी आहे, आणि तो स्वतः त्या शब्दांच्या मागे दडलेला आहे.

हा विचार मी माझ्या भाच्याला ऐकविला. तो येथील एका संगणक-कंपनीत काम करतो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि असे उत्तर दिले, की त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. तो म्हणाला, “मामा, तुम्ही पहिल्यांदा बंगळुरात बदलून आलात, तेव्हा तुम्हांला कन्नड येत नव्हतं. बाजारात तुमच्याशी सगळे सारखेच वागले का? या यंत्राला तुमचं आडनाव कळत नाही, जात कळत नाही, तुम्ही साहेब की शिपाई हेही कळत नाही. ते सगळ्यांना सारखंच ‘क्षमस्व’ म्हणतं. माणसाकडे जाब मागायची सोय होती, पण कुणाला? ज्याचा आवाज मोठा त्याला.”

हे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही. परप्रांतात नोकरी केलेल्या आपल्यापैकी कोणाला तो अनुभव नाही? शिवाय जुना व्यापारी हा धर्मराज होता, असे मानण्यालाही आधार नाही. कौटिल्याला वजनमापांवर देखरेख करण्यासाठी पौतवाध्यक्ष नेमावा लागला, आणि ‘कण्टकशोधन’ या अधिकरणात कारागिरांपासून व व्यापाऱ्यांपासून प्रजेचे रक्षण कसे करावे, याचा विचार चोरांच्या आधी करावा लागला. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली अन्नभेसळीविरुद्ध कायदा झाला, तो काही संगणकांना भिऊन नव्हे. ओळखीचा वाणी ओळखीने फसवीत असे, एवढेच. तेव्हा ‘पूर्वी सारे सचोटीचे होते’ हा राग आळवणे मला मान्य नाही.

मग पूर्वी होते काय? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मला फार दूर जावे लागले नाही. राजाजीनगर आणि मल्लेश्वरम यांच्या सीमेवर आज ओरायन मॉल आहे. रविवारी संध्याकाळी तेथे जत्रा लोटते. ज्या जमिनीवर हा सारा दिव्यांचा झगमगाट आहे, ती एके काळी किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीची होती. १९४६ साली बंगळुरात स्थापन झालेली ही कंपनी विजेच्या मोटारी बनवीत आली आहे. ज्या भूमीवर मोटारी घडत तेथे आता मोटारी असलेल्या वस्तू विकल्या जातात; आणि त्या वस्तू केवळ हाताळून पाहून घरी जाऊन मोबाइलवर स्वस्तात मागविणारेही तेथे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातलाच एक.

या घराण्याचे मूळपुरुष लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची कथा मराठी वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावात आले, सायकलींचे दुकान चालविले, पुढे लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष भिनते, या समजुतीने शेतकरी नांगर घेईनात. दोन वर्षे माल पडून राहिला, असे सांगतात. आज या गोष्टीचा उपयोग आपण शेतकऱ्याच्या भोळेपणाला हसण्यासाठी करतो. मला मात्र तो शेतकरी आदरणीय वाटू लागला आहे. नवे यंत्र आपल्या जमिनीत घालण्यापूर्वी त्याने प्रश्न विचारला, आणि समाधान होईपर्यंत पैसा सोडला नाही. त्याचा प्रश्न चुकीचा होता. पण विचारण्याचा अधिकार त्याने सोडला नव्हता. आणि प्रश्न विचारण्यास जागा होती. १९१० पासून तर औंध संस्थानातील त्या माळावर कारखान्यासह एक गावच उभे राहिले, आणि त्या गावाला मालकाचे नाव होते. नांगराचा फाळ मोडला तर कोणत्या स्थानकावर उतरायचे हे शेतकऱ्याला माहीत होते.

लक्ष्मणराव इतरांहून पुण्यशील होते म्हणून हे घडले, असे मी म्हणत नाही. भेद आहे तो स्थळाचा. प्रश्नाला पोहोचण्याचे ठिकाण होते.

हे ठिकाण केव्हा नाहीसे झाले? दोष एकट्या यंत्राच्या माथी मारता येणार नाही. यंत्र येण्याच्या पुष्कळ आधी कायद्याने ते काम आरंभिले होते. १८९६ साली सॅलोमन नावाच्या चांभारी मालाच्या व्यापाऱ्याच्या खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरविले, की कंपनी वेगळी आणि तिचा मालक वेगळा. कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती. या व्यक्तीला देह नाही आणि आत्माही नाही, मग तिला शासन करायचे कसे, अशा अर्थाचा एक उद्गार त्याच्याही शंभर वर्षे आधीच्या लॉर्ड थर्लो या इंग्रज न्यायाधीशाच्या नावावर सांगितला जातो.

देहाच्या आणि आत्म्याच्या या अडचणीत गंमत अशी, की आपल्या देशाला अशी व्यक्ती अपरिचित नाही. देवळातील मूर्ती ही आपल्या न्यायालयांच्या दृष्टीने कायदेशीर व्यक्तीच आहे. तिच्या नावे जमीन असते, ती दावा लावू शकते. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने एका कलकत्त्याच्या मूर्तीच्या प्रकरणात तिच्या इच्छेचाही विचार व्हावा असे मानले. परंतु देव बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीने बोलणारा आणि हिशेब देणारा माणूस धर्मशास्त्राने व कायद्याने नेमून दिला आहे. पुजाऱ्याने दागिने लांबविले तर ‘देवाचे देवाने नेले’ असे म्हणून त्याला सुटता येत नाही. कंपनी नावाच्या देवतेचे पुजारी मात्र पुष्कळदा नेमके हेच म्हणतात. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये विषारी वायूने हजारो माणसे मेली, तेव्हा भारतातली कंपनी वेगळी आणि अमेरिकेतली वेगळी, हा युक्तिवाद जगाने ऐकला. १९८९ मध्ये सत्तेचाळीस कोटी डॉलरची तडजोड झाली. भरपाई मिळाली, तीही अपुरी. उत्तर मिळाले नाही. अमेरिकेतील कंपनीचे प्रमुख वॉरन अँडरसन भारतातील न्यायालयापुढे उभे न राहताच २०१४ साली वारले. मिक्सरावरून भोपाळवर जाणे अतिशयोक्तीचे आहे, हे मी जाणतो. पण दोहोंतली वाट एकच आहे, अंतर तेवढे निराळे.

उलट बाजूचेही एक उदाहरण आमच्या जवळच आहे. म्हैसूर संदल साबणाचा कारखाना येथून लांब नाही. मेट्रोच्या एका स्थानकालाही त्याचेच नाव आहे. २०२५ मध्ये या साबणाच्या जाहिरातीसाठी एका चित्रपटतारकेची सहा कोटींहून अधिक मोबदल्यावर नेमणूक झाली, तेव्हा राज्यभर वाद माजला आणि संबंधित मंत्र्यांना जाहीर खुलासा करावा लागला. वादात प्रांताभिमान पुष्कळ होता, विवेक थोडा होता. तरीपण लोकांनी विचारले आणि कोणीतरी उत्तर दिले, कारण साबण सरकारचा आहे. खाजगी कंपन्या याच्या कितीतरी पट खर्च करतात, तोही शेवटी आपल्याच खिशातून. आणि आपण विचारीत नाही.

सरकारचे नाव निघाले म्हणून थोडे स्वतःविषयी. ते सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. नोकरीच्या मधल्या काळात माझ्या टेबलावरून निवृत्तिवेतनाची प्रकरणे जात. बेळगावकडच्या एका विधवेचे प्रकरण नावातल्या एका अक्षराच्या फरकामुळे आम्ही दोनदा परत पाठविले. तिसऱ्या खेपेस ती स्वतः आगगाडीने आली. हातातला कागद पुढे करून तिने विचारले, “ही सही कोणाची, साहेब?” मी म्हणालो, “सही माझी आहे बाई, पण निर्णय नियमाचा आहे.” ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “मग त्या नियमाला कुठं भेटायचं?”

तिच्या बोलण्यात उपरोध नव्हता. तिला खरोखरच पत्ता हवा होता. तिचे काम पुढे झाले, पण ते माझ्यामुळे नव्हे. माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने एका प्रतिज्ञापत्रावर ते निकालात काढले. नियम तोच होता. म्हणजे मलाही ते शक्य होते. ज्या मधुर स्वराची मी वर थट्टा केली, तो स्वर आपण सरकारी माणसांनी संगणकाच्या कितीतरी आधी शोधून काढला होता. ‘कळविण्याचा आदेश आहे की’, ‘विचार करणे शक्य नाही’, ‘करिता सही’ — या वाक्यांना कर्ता नसतो. कर्ता नसलेले वाक्य लिहिणे ही आमची विद्या. कंपन्यांनी ती उचलली आणि यंत्राच्या मुखी घातली.

आणि ग्राहक म्हणून तरी आपण कोठे निर्दोष आहोत? पंधरा मिनिटांत कोथिंबीर दारात यावी, ही गरज आपल्या आयांना नव्हती. ती आपल्यात निर्माण केली गेली हे खरे, पण आपण ती आनंदाने होऊ दिली. पिशवी घेऊन येणारा मुलगा पावसात भिजलेला असतो. तो गेला की मोबाइल विचारतो : याला किती तारे द्याल? म्हणजे जाब विचारण्याची सोय अगदीच नाहीशी झालेली नाही. ती फक्त खालच्या दिशेने आहे. मी त्याला जाब विचारू शकतो, तो कोणालाच विचारू शकत नव्हता. कर्नाटक विधिमंडळाने २०२५ साली अशा कामगारांसाठी कायदा केला आणि त्यांना काढून टाकताना कारण कळविण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. कारण कळविणे, एवढेच. ज्या समाजात एवढ्यासाठी कायदा करावा लागतो त्याची दशा काय असेल?

ग्राहकांसाठीही कायदे आहेत. १९८६ चा होता, त्याच्या जागी २०१९ चा आला. सदोष वस्तूबद्दल उत्पादकाला आणि विक्रेत्यालाही जबाबदार धरता येते. तरी मला त्याहून अधिक आशा वाटते ती १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या जुन्या पद्धतीविषयी. शेजारची काही कुटुंबे संघ करतात, महिन्याचे सामान एकत्र मागवितात आणि आलेला माल आपल्याच हातांनी वाटून घेतात. डाळीत खडे निघाले तर ते कोणाला दाखवायचे हे ठाऊक असते. या पद्धतीत वेळ जातो. भाचा म्हणतो, वेळ कोणाकडे आहे? त्याचे म्हणणे खोटे नाही. तो रात्री दहाला घरी येतो.

जुना मिक्सर मी टाकला नाही. आमच्या रस्त्याच्या टोकाला मोटारी गुंडाळून देणारा एक कारागीर बसतो, त्याच्याकडे नेला. त्याने झाकण उघडले, आतली काळी तार नखाने खरवडली आणि कन्नडमध्ये सांगितले, की तार बारीक वापरली आहे, इडलीच्या पिठाला ती पुरायची नाही. एका मिनिटात मला माझे उत्तर मिळाले. त्याने जाडसर तार गुंडाळून दिली. तीनशे रुपये घेतले. आता घरात दोन मिक्सर आहेत. माझा आवाज फार करतो, म्हणून सौभाग्यवती नवाच वापरतात. आणि त्याच्याही पोटात तीच तार असणार, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिले आहे.