वाटीवरचं बोट

भिवंडीत आत्म्याला बोलावणं फार कठीण. आत्मा यायला तयार नसतो असं नव्हे. पण माग चालू असले की या गावात फळीवरची वाटीसुद्धा आपोआप चालते. परलोकातून हललेलं कोणतं आणि शेजारच्या पॉवरलूमनं हललेलं कोणतं, हे ठरवायचं कसं? म्हणून आमचं प्लँचेट वीज गेल्यावरच बसायचं. आत्म्यांना अंधार आवडतो, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली होती.

साहित्य साधं. कॅरम बोर्ड उलटा करून त्यावर खडूनं ए ते झेड, दोन बाजूंना 'होय' आणि 'नाही', मधे उपडी वाटी आणि तिच्यावर तीन बोटं : मामांचं, एका मित्राचं आणि माझं. मराठीचाही प्रयत्न करून पाहिला, पण काना-मात्रा-वेलांट्यांच्या गर्दीत आत्म्याला पाय ठेवायला जागा उरेना. इंग्रजीनं मात्र चमत्कारच केला. हयातभर अंगठा उठवणारे माझे आजोबा मेल्यावर बिनचूक स्पेलिंग करू लागले! हसू नका. 1922 साली अमेरिकेत सर आर्थर कॉनन डॉयल यांच्या पत्नीनं जादूगार हुडिनीच्या दिवंगत आईचं पंधरा पानी पत्र उतरवून घेतलं, तेही इंग्रजीत. त्या माउलीला इंग्रजी जेमतेम येत होतं, आणि ज्यू धर्मगुरूची पत्नी असूनही पत्राच्या डोक्यावर क्रूस होता.

आमच्या भिंतीपलीकडे काकू राहायच्या. काका जाऊन वर्षही झालं नव्हतं. मागे दोन माग, एक मुलगा आणि सुताच्या व्यापाऱ्याची उधारी. एका रात्री त्या कंदील घेऊन आल्या.

"ह्यांना विचारा ना रे, माग विकू का?"

वाटी सरळ 'होय'वर गेली. पंधरा दिवसांत माग गेले. काकूंनी शिवणाचं मशीन घेतलं आणि मुलगा पुढे दुसऱ्याच्या मागावर कामाला लागला.

आता सांगायचं राहिलेलं सांगतो. ते माग माझ्या उशालगतच्या भिंतीपलीकडे रात्रभर खडखडायचे, आणि माझी बी.कॉम.ची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. मी वाटी ढकलली नाही. आईशप्पथ!

पण ही शपथ फॅरडेच्या टेबलाभोवती बसलेल्यांनीही घेतली असती. 1853 साली त्यानं हात आणि टेबल यांच्यामधे पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट लुकणानं बसवले. टेबल हाताला ओढत असेल तर खालचा थर आधी सरकेल, हा हिशोब. सरकला वरचा! माणसं प्रामाणिक होती आणि प्रामाणिकपणे ढकलत होती. हाताचा दाब दाखवणारा काटा त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला, तशी टेबलं थांबली.

हे वाचल्यावर मीही एकदा सगळ्यांचे डोळे बांधून बोर्ड गुपचूप फिरवला. आजोबा एकदम एक्स, क्यू, झेड असलं काहीतरी बडबडू लागले. मामा म्हणाले, "आत्म्याचा अपमान झाला." तपासावं तर आत्मा रुसतो, न तपासावं तर काकूंचे माग जातात.

लबाडी केली असती तर माफी तरी मागता आली असती. इथे खोटं कुणीच बोललं नव्हतं. बोटं तीन, म्हणजे दोषही तिसरा हिस्साच घ्यायचा की काय? काकूंनी मलाच विचारलं असतं, तर "मला काय कळतंय त्यातलं" म्हणून मी पुस्तकात डोकं घातलं असतं. काकांच्या नावावर मात्र मला धंद्यातलं सगळं कळत होतं.

बऱ्याच वर्षांनी, धीर करून, काकूंना सांगितलं. म्हटलं, "काकू, त्या रात्री काका नव्हते. बहुधा मीच होतो."

काकू सुईत दोरा ओवत होत्या.

"ठाऊक आहे मला. हे कधी 'होय' म्हणाले होते? जन्मभर 'बघू' म्हणत राहिले."

"मग माग विकले कशाला?"

"कुणीतरी म्हणायला हवं होतं रे," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.