वळिवड्याचे पाहुणे आणि आपले

10 फेब्रुवारी 1940. पूर्व पोलंडच्या खेड्यापाड्यांत त्या रात्री सोव्हिएत शिपायांनी दारं ठोठावली. हाताला लागेल ते बांधायचं, पोरं उचलायची आणि मालगाडीच्या डब्यात चढायचं. गाड्या निघाल्या सैबेरियाकडे. पुढच्या वर्षी हिटलर रशियावर उलटला आणि यांची सुटका झाली. पण घरची वाट युद्धाने अडवलेली. इराण, कराची करत त्यांतली पाचेक हजार माणसं, बहुतेक बाया आणि लेकरं, 1943 पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात राहिली.

माळावर बराकी उभ्या राहिल्या. चर्च, दवाखाना, रंगमंच झाला. नेसत्या वस्त्रानिशी आलेल्या या बायांनी पोरांच्या शाळाही पोलिश भाषेत चालवल्या. युद्ध संपलं, पण त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली. 1948च्या सुमारास छावणी उठली. कोणी इंग्लंड गाठलं, कोणी ऑस्ट्रेलिया. त्याच जागेवर मग फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबं आली. आज तिथे गांधीनगरची कापडपेठ आहे.

या पाहुणचाराचं स्मारक वॉर्सात आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली, तेव्हा आपल्याला अभिमान वाटला. वाटावाच. पण त्याच 1943 मध्ये बंगालात लाखो माणसं भुकेने मेली, हेही आठवावं. पोलिश कुटुंबांच्या पाठीशी लंडनमधलं त्यांचं निर्वासित सरकार होतं. बंगालच्या भुकेल्याची शिफारस कोण करणार?

आपलं खामगावकरांचंही तेच: पाठीशी कोणी असेल, त्यालाच पाहुणचार. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना खामगावात मुक्कामाला येते, तेव्हा वारकऱ्याला आपण हात धरून पंगतीला बसवतो. (बसवलंच पाहिजे, महाराजांची माणसं ती!) दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला, जिनिंगवर राबायला परमुलखातून कुटुंबं येतात. त्यांच्या पाठीशी ना सरकार, ना पालखी. माय सरकीच्या ढिगाशी, आणि तिचं आठ वर्षांचं पोर धाकट्याला कडेवर घेऊन फाटकाशी उभं. त्याला आपण नाव विचारत नाही.

2009चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, की वर्षाच्या अधेमधे आलं तरी मुलाला शाळेत घ्यावंच लागतं. जन्मदाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. यंदा असं पोर दिसलं, तर जवळच्या शाळेत त्याला स्वतः नेऊन सोडा.