रेघ सपाट का राहिली?

दरवर्षी तेच पक्षी पुन्हा मोजून काय हाती लागतं? या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर मला अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात दिसतं. कर्टलँड वॉर्बलर हा चिमणीएवढा, पिवळ्या पोटाचा गाणारा पक्षी. जॅक पाइनच्या कोवळ्या झाडीत, खालच्या फांद्यांच्या आडोशाला, तो जमिनीवर घरटं करतो. झाडं वीसेक वर्षांची झाली की ती जागा सोडतो.

दाट झाडीत तो दिसणं कठीण, म्हणून मोजतात ते गाणारे नर. जूनच्या सकाळी माणसं ठरावीक अंतर राखून समांतर ओळींत चालतात, गाणं ऐकू आलं की नकाशावर खूण करतात आणि शेजारच्या ओळीतल्या खुणांशी ती ताडून पाहतात. एकच नर जागा बदलून गायला तर दोनदा मोजला जाईल. दोन गाणी एकाच वेळी ऐकू आली, तर मात्र नर दोन हे नक्की.

1951 मध्ये हॅरल्ड मेफिल्ड यांच्या पुढाकाराने झालेल्या मोजणीत 432 नर आढळले. हा आकडा थोडा की पुष्कळ, हे त्या वर्षी कोणालाच सांगता आलं नसतं. 1961 मध्ये 502 भरले. 1971 मध्ये फक्त 201.

संशय गेला काउबर्डवर. आपली कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, तसा हा पक्षी वॉर्बलरच्या घरट्यात घालतो; त्याचं थोराड पिल्लू बहुतेक घास गिळतं. 1972 पासून सापळे लावून काउबर्ड हटवले. घरट्यांतून पिल्लं भराभर उडू लागली, घसरणही थांबली. पण संख्या वाढेना. 1974 मध्ये 167, 1987 मध्येही 167.

या सपाट रेघेपाशी मी नेहमी थबकतो. पिल्लं वाढूनही जोड्या वाढत नसतील, तर उणीव दुसरीच असली पाहिजे. ती होती कोवळ्या झाडीची. जॅक पाइनची बोंडं वणव्याच्या आचेने उघडतात आणि माणसाने तर वणवे विझवले होते. 1980 मध्ये मॅक लेकजवळ एक आग हाताबाहेर गेली, सुमारे 24,000 एकर रान जळालं, एक माणूस दगावला. त्या राखेतली रोपं वाढली आणि दशक सरता सरता संख्या चढू लागली. शिवाय मुद्दाम लागवडही चालू होती. 2001 मध्ये हजाराचा टप्पा ओलांडला गेला. मधल्या वर्षांच्या नोंदी नसत्या, तर ही दोन कारणं वेगळी काढताच आली नसती.

2019 मध्ये हा पक्षी संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. 2021 मध्ये 2,200 हून जास्त जोड्या होत्या, 2025 मध्ये सुमारे दीड हजार. यादीतून नाव निघालं तरी मोजणी थांबवता कामा नये, ती एवढ्यासाठीच.