जखमीजवळ बसलेला डॉक्टर
जॉनी किम 2002 मध्ये शाळा संपताच अमेरिकी नौदलात भरती झाले. 'सील' या विशेष दलात लढणे आणि जखमींवर प्रथमोपचार करणे, दोन्ही त्यांच्याकडे होते. 2006 मध्ये इराकमधील रमादीत एका सहकाऱ्याच्या चेहऱ्याला गोळी लागली. रक्ताने श्वास कोंडू नये म्हणून त्याला नीट धरून ठेवणे, याहून फारसे काही त्यांना करता येईना. त्या हतबलतेने त्यांना वैद्यकाकडे वळवले, आणि हे वळण शौर्यपदकांहून मोठे मानावे लागते. आधी गणिताची पदवी, मग 2016 मध्ये हार्वर्डची वैद्यकीय पदवी. पुढे बॉस्टनच्या रुग्णालयात तातडीच्या उपचारांचे प्रशिक्षण. 2017 मध्ये नासाने त्यांना अंतराळवीर म्हणून निवडले. 2025 मध्ये ते अंतराळ स्थानकात आठ महिने राहून परतले.