जागरणाचा हिशेब

प्रकल्प बुडणार हे सगळ्यांना कळून चुकले असताना सॉफ्टवेअर टेस्टरने रात्र-रात्र जागून बग शोधावेत का? भोर-वेल्ह्यातली इंजिनिअर झालेली मुले हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत ज्या कामासाठी जातात, त्यातला हा प्रश्न. उत्तरादाखल गीतेतला निष्काम कर्मयोग पुढे केला जातो. ओव्हरटाइम करवून घेणाऱ्याला तो भलताच सोयीचा. टिळकांच्या ‘गीतारहस्या’ने (१९१५) हा कर्मयोग मराठी मनावर ठसवला. मात्र अतिजागरण करणाऱ्याला योग साधत नाही, असे गीतेचाच सहावा अध्याय सांगतो. तो सहसा कोणी काढत नाही. शिवाय फळाची आसक्ती सोडायची ती करणाऱ्याने; ते फळ दुसऱ्याने लाटावे, असे गीतेत कुठेही नाही. टेस्टरचे कर्म म्हणजे खरे ते सांगणे. जागरणात नेमके तेच हुकते: पहाटे तीनला, डोळे चुरचुरत असताना, बग ‘दुरुस्त’ म्हणून बंद होतो आणि सकाळी पुन्हा उघडतो.